कापूस न घातलेली डबी

सिस्टर केविनाने कागद वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि एक लांब सुस्कारा सोडला. पुढे काय येणार ते नाबाक्काला तोंडपाठ होतं.

"रक्तातला आकडा पुन्हा चढलाय."

"मग गोळी बदला."

"गोळी बदला म्हणे. गोळी म्हणजे काय अंगातला झगा आहे, विटला की दुसरा घातला? तू गोळ्या घेत नाहीस, नाबाक्का. म्हणून आकडा चढतो."

"घेते. सकाळ-संध्याकाळ घेते."

"मग डबी कुठाय?"

दरवेळी गाडी इथेच येऊन अडायची. दवाखान्याचा नियम असा, की प्रत्येकाने येताना गोळ्यांची डबी परत आणायची, सिस्टरने ती टेबलावर उपडी करायची आणि किती गोळ्या उरल्या त्यावरून माणूस खरं बोलतो की खोटं ते ठरवायचं. हा नियम कुणी केला देव जाणे. करणारा आमच्या या बुलिंदा तळ्याच्या काठावर एक दिवसही राहिला नसणार, एवढं मात्र मी पैजेवर सांगतो. ती पांढरी प्लास्टिकची डबी आमच्याकडे घरी नेणार कोण? चालताना ती खुळखुळते. पिशवीत घाला, कमरपट्ट्यात खोचा, मक्याच्या पिठात पुरा, ती आपली पावलागणिक बोंबलत जाते, की बघा हो बघा, हिच्या अंगात किडा आहे. एचआयव्हीला आम्ही किडाच म्हणतो. नाव एवढंसं, पण ते एकदा चिकटलं की तुमच्या हातची मासळी कुणी घेत नाही.

म्हणून दवाखान्यातून निघालं की माणसं आधी कुंपणामागे जातात. गोळ्या पिशवीत ओततात, गाठ मारतात आणि डबी तिथेच फेकतात. फेकायचा धीर होत नाही त्यांच्यासाठी सिस्टरने टेबलावर कापसाचा गुंडाळा ठेवला होता. बोटभर कापूस डबीत कोंबला की डबी मुकी. सिस्टरचा जीव वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

"फेकली डबी," नाबाक्का म्हणाली. "सगळेच फेकतात."

"सगळेच फेकतात आणि सगळेच मला सांगतात, सिस्टर, आम्ही अगदी वेळेवर घेतो. गेल्या महिन्यात एक नावाडी आईची शपथ घेऊन गेला. त्याच्या गोळ्या बेटावरच्या मित्रांनी वाटून खाल्ल्या होत्या. मी कुणाकुणावर विश्वास ठेवू, सांग ना."

आता यातही खोटं काही नव्हतं. आमचे नावाडी मीठ-मिरची उसनी मागावी तशा गोळ्या उसन्या मागतात. पण त्यांच्या पापाचं माप नाबाक्काच्या पदरात का, हा तिचा सवाल होता. ती गेल्या पावसाळ्यापासून झिजत चालली होती. ओल्या मासळीचं जे घमेलं ती एका दमात डोक्यावर घ्यायची, ते आता दोघींनी धरून उचलावं लागत होतं. औषध बदललं नाही तर पुढच्या पावसाळ्यात आपण नसू हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिची थोरली बहीण अशीच गेली होती, उपदेश ऐकत ऐकत.

"एक तपासणी आहे," सिस्टर जरा नरमून म्हणाली. "राजधानीतल्या प्रयोगशाळेत किड्याची जनुकं वाचतात, अक्षर न् अक्षर. कुठल्या गोळीला तो अजून भितो आणि कुठल्या गोळीला भीक घालत नाही, ते त्यात दिसतं. पण महागडी तपासणी आहे ती. जो गोळ्या घेतो, त्याचंच रक्त पाठवायचं असा वरून हुकूम आहे. तू घेतेस याला साक्षीदार आण. स्वतःच्या डोळ्यांनी तुला गिळताना पाहिलेला. मी लगेच सही करते."

"माझी आत्या आहे की. फेदेरेसी."

"फेदेरेसीला समोर उभी असलेली गाय दिसत नाही."

हेही खरंच होतं. आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आणि दवाखान्याच्या बाकावर बसणारे सोडले, तर आत्याशिवाय नाबाक्काचं हे गुपित कुणालाच ठाऊक नव्हतं. नवरा कायोंदो मासळीच्या ट्रकवरून वरच्या शहरातून आला होता, इथेच राहिला, अंगाने खंगला आणि शहरात नेऊन पुरला गेला. त्याच्या मातीला तिला घरच्या बायकांच्या सुतकाच्या चटईवर बसू दिलं नव्हतं. 'तळ्याकाठच्या बाईने आमचा मुलगा खाल्ला,' असं तिची सासू सगळ्यांदेखत म्हणाली होती. ते ऐकून नाबाक्का पायी हमरस्त्यापर्यंत आली आणि तिने त्या घराचं पुन्हा तोंड पाहिलं नाही.

नवी डबी हातात देताना सिस्टरने सवयीने कापसाचा बोळा तोडून पुढे केला. नाबाक्काने डबी घेतली. बोळा सिस्टरच्या हातातच राहिला.

*

"डोकं फिरलंय का तुझं?" आत्या म्हणाली. केळ्यांची साल काढता काढता तिचा चाकू थांबला. "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. उघडलीस की मासळी कुजेल तुझी, कुत्रं नाही खाणार."

"आणि झाकून काय मिळालं? बहीण झाकूनच मेली ना?"

"लोक काय म्हणतील?"

"लोक काहीतरी म्हणतील तरी. नुसती सिस्टरच म्हणत बसलीय."

आत्याने सुनवायचं तेवढं सुनावलं. नाबाक्का हट्टी हे तिला माहीत होतं, लहानपणी तिनेच तर वाढवलं होतं. शेवटी ती म्हणाली, "मग मला घेऊन जा. डोळे गेले असतील, जीभ शाबूत आहे."

आमच्या काठावर सकाळ उशिरा उजाडत नाही. रात्रभर दिवे लावून मासळी पकडणाऱ्या होड्या पहाटे परततात, आणि बोटभर लांबीची चंदेरी मासळी टोपल्यांनी उतरते. बायका घमेली घेऊन पाण्यात गुडघाभर उभ्या असतात. वजनकाट्याशी सालोंगो उभा. जुळ्यांचा बाप म्हणून त्याला सालोंगो म्हणायचं, त्याचं खरं नाव कुणी घेत नाही. तो काठाचा मुखिया. उन्हाळा असो की पाऊस, अंगात तपकिरी कोट. त्याच्या शब्दाशिवाय होडी लागत नाही की ट्रक हलत नाही.

त्या सगळ्यांच्या मधोमध नाबाक्का एका उपड्या होडीवर चढली आणि तिने डबी हलवली. खुळखुळ, खुळखुळ. पाण्यातल्या बायका वळल्या.

"सिस्टर केविनाला साक्षीदार हवाय," ती म्हणाली. "माझ्या अंगात किडा आहे आणि मी गोळी घेते. ही बघा घेतली. जिभेखाली काही नाही. आ करून दाखवते. संध्याकाळी परत घेणार आहे, ज्याचं बघायचं राहिलं त्याने तेव्हा यावं."

आत्या खालून म्हणाली, "गिळली का गं?" आणि नाबाक्का म्हणाली, "गिळली." मग ती उतरून मासळी वाळत घालायला गेली.

दुसऱ्या दिवसापासून टोमणे सुरू झाले. पोरं म्हणायची, "मावशी, आजचा खेळ किती वाजता?" बायकांनी आपल्या वाळवणाच्या जाळ्या तिच्या जाळीपासून दूर सरकवल्या. ज्या होडीवरून ती वर्षानुवर्षं मासळी घेत होती, तो नावाडी तिच्याकडे न बघता पुढे गेला. एक बाई पाठमोरी असतानाच म्हणाली, "लाज विकून खाल्ली मेलीने." नाबाक्का म्हणाली, "लाज विकली, पण गिऱ्हाईक फुकटात बघतंय." त्यावर दोघी-तिघी हसल्या आणि मग हसल्याचं वाईट वाटून घमेली घासू लागल्या.

तिला वाईट वाटत नव्हतं असं समजू नका. घरी येऊन ती भिंतीकडे तोंड करून पडायची. पण सकाळ झाली की ती पुन्हा त्या होडीवर चढायची, कारण साक्षीदार अजून एकही तयार झाला नव्हता. सगळे रोज बघत होते आणि दवाखान्यात जाऊन सांगायला एकही जण राजी नव्हता. दवाखान्याच्या दारात कुणी पाहिलं तर? आपल्यालाही किडा आहे असं लोकांना वाटेल ना.

आठवडा उलटला आणि मासळीचा एक ट्रक रिकामा परत गेला. ट्रकवाला जाताना सालोंगोला म्हणाला, "तुमच्या मासळीला किडा लागलाय म्हणतात. शहरात तशीही बोंब आहेच, की हा रोग तळ्यावरून येतो. आता तर तुम्ही होडीवर चढून जाहिरात करता."

सालोंगो वजनकाटा सोडून तडक आला. मागे सगळा काठ. आमच्याकडे बाईने मोठ्या माणसाशी बोलताना गुडघे टेकायचे असतात. नाबाक्काने जन्मभर टेकले होते. त्या दिवशी ती होडीवरून खाली उतरली, पण उभीच राहिली.

"गुडघे दुखतात का?" सालोंगोने विचारलं.

"नाही. बोला."

"हे बंद कर. तुला मरायचं असेल तर घरात मर, काठाला कशाला मारतेस? उद्या ट्रक आले नाहीत तर या सगळ्यांच्या चुली तू पेटवणार आहेस?"

"मला मरायचं नाही, म्हणूनच तर हे करते."

"आवर तुझा बाडबिस्तरा. दुसरा काठ बघ. इथे निरोगी माणसं राहतात."

सगळ्यांना वाटलं, आता रडेल. तिने कमरेची डबी काढली, कानाशी नेली आणि जोरात हलवली.

"हा आवाज ज्याच्या ओळखीचा नाही," ती म्हणाली, "त्याने पुढे यावं आणि मला जा म्हणून सांगावं. मी आत्ता, याच पायांनी जाते. पण ज्याने हा आवाज कुंपणामागे गाठोड्यात बांधलाय, कापसाने बुजवलाय, त्याने तोंड उघडू नये."

आणि तिने पुन्हा डबी हलवली, सावकाश, सगळ्यांसमोरून फिरवत.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी त्या दिवशी भर उन्हात पाहिलं. डबी पुढे आली की माणसाचा हात आपोआप कुठेतरी जायचा. कुणाचा कमरपट्ट्यावर, कुणाचा पिशवीवर. लाज विकल्याचं बोललेली बाई तर घमेलं पोटाशी घट्ट धरून उभी होती. ज्यांना तो आवाज खरंच ओळखीचा नव्हता, ती पोरंटोरं नुसती बघत होती, आणि मोठ्यांचं काय बिनसलं ते त्यांना कळत नव्हतं.

डबी सालोंगोसमोर आली. त्याचा हात तपकिरी कोटाच्या आतल्या खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

नाबाक्काने ते पाहिलं. तिने पाहिलं हे सालोंगोनेही ओळखलं. तिच्या जिभेवर शब्द आला होता. एवढा मोठा माणूस, एका शब्दात भुईसपाट झाला असता, आणि खरं सांगतो, मी असतो तर बोललो असतो. तिने डबी खाली केली. "संध्याकाळची गोळी राहिलीय," ती म्हणाली. "येते मी." आणि आत्याचा हात धरून निघून गेली.

पुढे कुणी आलं नाही. तिला जा म्हणून कुणी सांगितलं नाही.

*

दोन दिवसांनी ती दवाखान्यात सिस्टरशी वाद घालत होती, की अख्खा काठ बघतोय, आणखी किती साक्षीदार हवेत, तेवढ्यात दार उघडलं. तपकिरी कोट आत आला. सालोंगो आजवर या दवाखान्याची पायरी चढला नव्हता. जे काय घ्यायचं ते शहरातून घेत असेल.

"बसा ना," सिस्टर गडबडून म्हणाली.

"बसायला आलो नाही. ही बाई गोळी घेते. मी पाहिलंय. मी काय, सगळ्या काठाने पाहिलंय, सगळ्या काठाला वीट आलाय हिच्या गोळी घेण्याचा. कुठे अंगठा करायचा?"

"सही चालेल," सिस्टर म्हणाली.

त्याने सही केली, नाबाक्काकडे न बघता वळला आणि गेला. त्याच दुपारी रक्त राजधानीला रवाना झालं.

उत्तर यायला वेळ लागला. मधल्या काळात नाबाक्का होडीवर चढायची ती काही थांबली नाही, फक्त आता तिला चढताना कुणीतरी हात द्यायचं. सिस्टरचा निरोप आला तेव्हा तिला दवाखान्याची चढणही एका दमात चढवत नव्हती.

सिस्टरने आज चष्मा काढला नाही. खुर्ची ओढून ती टेबलाच्या अलीकडे, नाबाक्काच्या बाजूला येऊन बसली.

"तुझं दोन वेळचं रक्त वाचलं त्यांनी," ती म्हणाली. "एक आत्ताचं. आणि एक जुनं. तुला आठवतं, घरोघरी रक्त तपासायला लोक आले होते? तू गोळ्या सुरू करायच्याही आधी?"

"आठवतं. साबणाची वडी दिली होती त्यांनी."

"ते रक्त त्यांनी गोठवून ठेवलं होतं. दोन्हीत खुणा त्याच. तू पहिली गोळी तोंडात टाकलीस त्याच्या आधीपासून हा किडा त्या गोळ्यांना दाद देत नव्हता. दुसऱ्या कुणाच्या तरी अंगात, अर्धवट औषधात तो निर्ढावला आणि तसाच तुझ्यात आला. तुझ्या गोळीतल्या तीन औषधांतली दोन त्याच्यापुढे मातीमोल होती."

"म्हणजे मी घेत होते."

"घेत होतीस. मी इतकी वर्षं साप म्हणून भुई धोपटली. चुकलं माझं, नाबाक्का."

आनंद व्हायला हवा होता. नाबाक्काला आनंद झाला नाही, तिला संताप आला. या खोलीत बसून ऐकलेला एकेक उपदेश तिला आठवला. मळमळत, चक्कर येत, सणासुदीला, आजारपणात न चुकता गिळलेली प्रत्येक गोळी आठवली. आणि बहीण आठवली. तिचं रक्त कुणी वाचलंच नव्हतं.

"माझी बहीणही घेत होती," ती म्हणाली.

सिस्टरने प्रयोगशाळेचा कागद घडी करून बाजूला ठेवला.

"आला कुठून तो माझ्याकडे?"

"कुणाकडून कुणाला, हे प्रयोगशाळावाले सांगत नाहीत. सांगणारही नाहीत. नुसत्या रक्तावरून एका माणसावर बोट ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर खून पडतील. पण सगळ्यांचं वाचून ते किड्याची वंशावळ मांडतात, नावं न घालता. एवढं त्यांनी कळवलंय, की तुझ्या किड्याची भावकी वरच्या शहरात आहे. तिथे ती आधीपासून आहे, आपल्या काठावर नंतर दिसते. अशा बऱ्याच शाखा रस्त्याने खाली आल्यात. इथून वर गेलेल्या कमी."

नाबाक्का हसली, पण ते हसू बरं नव्हतं. "म्हणजे उगम तिकडे. आम्ही नुसता खड्डा, पाणी साचायचा. आणि मला चटईवर बसू दिलं नाही."

"कायोंदोच्या घरचं म्हणतेस का? तसं काही सिद्ध नाही होत—"

"मी कुणाचंच नाव घेत नाही, सिस्टर. ज्याने मला दिला त्यालाही कुणीतरी दिलाच असेल. मला नाव नको. तुम्ही आत्ता जे बोललात ते काठावर येऊन बोला. होड्या लागतात तेव्हा, वजनकाट्यापाशी, ट्रकवाल्यांदेखत. नाबाक्का खोटं बोलत नव्हती, आणि हा रोग तळ्यातून वर येत नाही. एवढंच."

"रुग्णाची माहिती अशी चारचौघांत..."

"माहिती माझी आहे ना? मग माझी परवानगी आहे. उपदेश करताना दार उघडं असायचं तुमचं. बाकावरचे सगळे ऐकायचे."

सिस्टरने दाराकडे पाहिलं. ते आजही उघडंच होतं.

"उद्या येते," ती म्हणाली. "पहाटे."

मग तिने कपाटाला चावी लावली आणि नवं औषध काढलं. डबी तशीच पांढरी, गोळ्या मात्र वेगळ्या, मोठ्या. कशा घ्यायच्या ते तिने नीट समजावलं. आणि बोलता बोलता तिचा हात, वर्षानुवर्षांच्या सवयीने, कापसाच्या गुंडाळ्याकडे गेला. तिने बोळा तोडला आणि डबीचं झाकण उघडलं.

नाबाक्काने तिच्या बोटांतून तो बोळा काढून घेतला आणि टेबलावर ठेवला.

"कापूस जखमेला लावतात, सिस्टर," ती म्हणाली. "हा ठेवा, कुणाला तरी लागेल."

झाकण लावून ती बाहेर आली. बाकावर नेहमीसारखी माणसं खाली माना घालून बसली होती आणि टोकाला, टोपी डोळ्यांवर ओढून, तपकिरी कोट बसला होता. ती त्याच्यासमोरून डबी खुळखुळवत गेली. या खेपेला सालोंगोचा हात खिशावर गेला नाही, खिशात गेला. त्याने आपली डबी बाहेर काढली, झाकण उघडलं आणि आतला कापूस बोटाने उकरू लागला.

"नीट निघत नाही तो," नाबाक्का न थांबता म्हणाली. "चिमटीत धरून ओढा."

आणि कुंपणामागे न वळता ती सरळ रस्त्याने काठाकडे चालू लागली.